ओदेलीच्या हॉलमधला बाप्या

दोन हिवाळ्यांपूर्वी आंस-ग्रीज गावात एक बातमी कानातून कानात फिरत होती. माक्सिमच्या सिफ्रुआच्या ओदेलीनं (आमच्याकडे आजोबा आणि बाप लावल्याशिवाय नाव पुरं होत नाही) म्हणे चर्चच्या हॉलमध्ये एक बाप्या ठेवलाय!

ओदेली तेव्हा सहासष्ट वर्षांची, सोळा वर्षांपासून विधवा आणि हॉलची राखणदारीण. बातमी निघाली ओबेलीनच्या खिडकीतून. ओबेलीनचं घर हॉलच्या मागच्या दाराकडे तोंड करून उभं आहे आणि ओबेलीनला झोप येत नाही. या दोन गोष्टी एका बाईत एकत्र आल्या की गावाला वर्तमानपत्र लागत नाही. तिनं पाहिलं ते एवढंच. शुक्रवारी पहाटे हॉलच्या स्वयंपाकघरात दिवा. पडद्यावर पुरुषाची सावली. मग शीळ. आणि सात वाजता, अजून धड उजाडलंही नव्हतं तेव्हा, कानटोपी नाकापर्यंत ओढलेला एक पुरुष मागच्या दारानं बाहेर पडला. छातीशी त्यानं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं, तान्ह्या पोराला धरावं तसं.

ओबेलीनच्या हातून बातमी कच्चीच निघते. ती शिजवून, वर फोडणी घालून गावाला वाढायचं काम युफ्राजीचं. युफ्राजी म्हणजे फुलजांस कोळ्याची बायको. फुलजांस आता होडी विकून घरी बसलेला, आणि घरी युफ्राजी असल्यामुळे बहुतेक वेळ धक्क्यावर बसलेला. युफ्राजीनं बातमी दुकानात नेली तेव्हा बाप्याला मिशी नव्हती. पोस्टात पोचेपर्यंत ती आली. रविवारच्या प्रार्थनेला बाप्या चांगला उंचापुरा झाला होता, हालिफॅक्स शहरात बायकोला टाकून आला होता, आणि गोधडीत काय होतं याबद्दल चर्चच्या पायऱ्यांवर तीन मतं होती.

"पुरावा काय?" कुणीतरी विचारलं.

"पुरावा? शाळेत जाऊन पाटी बघा की!" युफ्राजी म्हणाली. "एकटी बाई एवढी वीज जाळते होय?"

आता ही पाटी म्हणजे आमच्या गावाची जन्मपत्रिका. शाळेच्या व्हरांड्यात, पोरांच्या कोटांच्या खुंट्यांच्या वर, एक काळी काच लावलेली आहे आणि तिच्यावर कुणी किती वीज खाल्ली त्याचे आकडे पाच ओळींत पेटलेले असतात. शाळा, बंबखाना, पोरांचं घसरत खेळायचं बर्फाचं मैदान, वाचनालय आणि हॉल. सोलर बसवायचं ठरलं तेव्हा असं दिसलं की ऊन आहे ते फक्त दोघांच्या डोक्यावर, शाळेच्या आणि बंबखान्याच्या. वाचनालय झाडांत बुडालेलं. बर्फाच्या मैदानाचं छप्पर इतकं म्हातारं की त्यावर कावळा बसला तरी पंचायत बसते. आणि हॉलवर चर्चच्या मनोऱ्याची सावली दिवसभर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. म्हणून गावानं ठरवलं की दोन छपरांनी कमवायचं आणि पाच घरांनी खायचं. जुलैत शाळा बंद, पोरं समुद्रावर, आणि रिकाम्या शाळेचं छप्पर मात्र मर मर राबत असतं. ती वीज वीजकंपनीच्या तारेत जाते, आपल्या नावावर जमा राहते, आणि डिसेंबरात तिच्यावर मैदानाचा बर्फ गोठतो. उन्हानं बर्फ करणारं गाव म्हणून आम्ही शेजारच्या गावाला दोन वर्षं चिडवलं. त्यांनी मग आम्हाला आमच्या धुक्यावरून चिडवलं, तेव्हा आम्ही विषय बदलला.

कुणाला किती वाटा, हे दर वर्षी नोव्हेंबरच्या सभेत हात वर करून ठरतं. त्या वर्षी हॉलची ओळ ऑक्टोबरपासून जी चढली ती उतरायचं नाव घेईना. वाट्याच्या तिप्पट! बंबवाल्यांचा मुख्य तेओतिम, मैदानाचा कारभारही त्याच्याकडेच. तो पाटीखाली उभा राहून आकडे वहीत उतरवत होता तेव्हा ओदेली फरशी पुसायला आली. शाळेची फरशीही तिच्याकडेच आहे.

"ओदेली," तो म्हणाला, "मला तुझ्या भानगडीत पडायचं नाही."

"मग पडू नकोस."

"पण हॉल मैदानाचा बर्फ खातोय. मी सभेत हॉलचा वाटा निम्मा करायला सांगणार आहे."

"निम्म्यात गुरुवारचं जेवण होणार नाही, तेओतिम."

"मग एप्रिलपर्यंत बंद ठेव. म्हातारी माणसं घरी जेवतील."

ओदेलीनं बादली उचलली आणि त्याच्या बुटांवरूनच फडकं फिरवलं.

गुरुवारचं जेवण तिनं पंधरा वर्षांपूर्वी सुरू केलं. त्याआधी बावीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात हेरिंग डब्यात भरत होती. युफ्राजी तिच्या समोरच्या बाकावर असायची, आणि दोघींच्या हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. कारखाना बंद पडला, नवरा आल्फे आजारी पडला, आणि ओदेलीनं हॉलच्या किल्ल्या घेतल्या. आल्फेचं घोरणं इतकं मोठं होतं की धुक्यात होड्या त्या आवाजावर धक्क्याला लागायच्या, असं ती स्वतः सांगते. तो गेल्यावर सहा महिने ती घरातल्या शांततेला शिव्या घालत होती. मग एका गुरुवारी तिनं हॉलमध्ये मोठं पातेलं चढवलं आणि एकट्या राहणाऱ्या चौघांना बोलावलं. आता तेवीस जण येतात. त्यांतल्या निम्म्यांच्या टेबलावर आठवड्यात दुसरं माणूस बसतं ते फक्त गुरुवारीच. ओदेली स्वतः त्या निम्म्यांतली आहे, पण हे तिला कुणी म्हणालेलं चालत नाही.

तेव्हा बाप्याचा आळ तिला मुळीच लागला नाही. उलट दुकानात तिच्याकडे चार माणसं वळून बघायची, हे तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. लागला तो पाटीवरचा आकडा. ती गुरुवारखेरीज ओव्हन पेटवत नव्हती. तळघर तपासलं. फ्रीज तपासला. दिवे मोजले. वीज कुठं मुरत होती हे कळेना.

आणि मग एका गुरुवारी सकाळी, इतके आठवडे घाईत न बघताच परात आत ढकलणाऱ्या ओदेलीनं ओव्हनचं दार उघडून पहिल्यांदाच आत नीट पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

ओव्हन स्वच्छ होता.

ओदेलीचा ओव्हन कधीच स्वच्छ नसतो. गुरुवारी जेवण झालं की ती दमलेली असते. वरवर पुसते आणि आतलं पुढच्या गुरुवारी बघू म्हणते. असं पंधरा वर्षं चाललंय. पण हा ओव्हन आरशासारखा लखलखत होता. कोपऱ्यांतलं जुनं काळं, आल्फेच्या वेळचं, तेही गेलं होतं. चोर चोरी करतो हे ठीक, पण चोरी करून घासूनपुसून जातो का? तिनं आत डोकं घालून वास घेतला. कांदा. खारवलेलं डुकराचं मांस. कोंबडीचा रस्सा.

राप्यूर! आमच्या गावची बटाट्या-कोंबडीची भाजलेली परात.

ओदेली खुर्चीवर बसली आणि हसू की रडू असं तिला झालं. कारण आता सगळं तिला आठवलं होतं.

सप्टेंबरअखेर वादळ आलं होतं. सगळ्या किनाऱ्यावरच्या तारा आडव्या झाल्या, आणि सहा दिवस कुणाच्या घरी दिवा नव्हता. पण बंबखान्याच्या छपराखाली बॅटऱ्या भरून ठेवलेल्या असतात, आणि तिथून जमिनीखालून एक तार शेजारच्या हॉलला जाते. सहा दिवस गावात चालू ओव्हन फक्त ओदेलीचा होता. फ्रीजमधल्या कोंबड्या खराब व्हायला लागल्या. किसलेल्या बटाट्यांतलं पाणी पिळून, त्यात कोंबडीचा उकळता रस्सा ओतून, तीन तास भाजायची ती राप्यूर. ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या घरी ती हवीच, आणि आता तर कोंबड्या संपवायच्या होत्या. तेव्हा ओदेलीनं दाराशी उभं राहून वाटणी केली होती. "तू सोमवारी ये. मातिल्द आजी, तुम्ही मंगळवारी या. तू बुधवारी. तुझा शुक्रवार. तू शनिवारी. मी नसले तर किल्ली सेंट ॲनच्या मूर्तीखाली आहे."

वादळ गेलं. तारा उभ्या राहिल्या. पण आंस-ग्रीजमध्ये कुणी कुणाला "मंगळवारी ये" म्हणालं की तो एक मंगळवार नसतो. तो मंगळवार त्या माणसाच्या नावावर होतो. ओबेलीनच्या आईला पाद्रीबुवांनी एकदा "बुधवारी या, बोलू" असं म्हटलं होतं. ती त्यांच्याकडे एकोणीस वर्षं दर बुधवारी गेली. पाद्री तीन बदलले. ओदेली याच गावात जन्मली, याच गावात म्हातारी झाली, आणि तरी पाच बायकांना पाच वार देऊन विसरून गेली. चूक कुणाची म्हणायची!

त्या पाचजणी बिचाऱ्या प्रामाणिक होत्या. पहाटे पुढच्या दारानं येत, कारण दिवसा हॉलमध्ये कुणाचं ना कुणाचं काही चालू असतं. भाजून होईपर्यंत परात ठेवत, मग ओव्हन घासून, किल्ली जागेवर ठेवून जात. प्रत्येकीला वाटे, ओदेलीनं ही मेहेरबानी फक्त आपल्यावर केली आहे, तेव्हा तोंड मिटून राहावं. पाच बायकांनी सात आठवडे तोंड मिटून ठेवलं, ही आमच्या गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना, आणि तिची कुठे नोंद नाही.

त्या आठवड्यात ओदेली शुक्रवारी सकाळी आठला मुद्दाम हॉलवर गेली. ओव्हन अजून कोमट होता. टेबलावर एक पत्त्यांचा जोड होता, कडा झिजलेला, इस्पिकच्या राणीचा कोपरा दुमडलेला. ओदेलीनं तो जोड ओळखला, हातात घेतला, आणि होता तसाच परत ठेवला.

पुढच्या गुरुवारी युफ्राजी बटाटे सोलायला आली. ती दर गुरुवारी येते, मदतीपेक्षा माहितीसाठी जास्त.

"काय गं ओदेली," तिनं सुरी बाजूला ठेवत विचारलं, "त्याला राप्यूरवर काकवी लागते की लोणी?"

"कुणाला?"

"असेल कुणीतरी."

"दोन्ही लागतं," ओदेली म्हणाली. "खादाड आहे मेला."

युफ्राजीच्या हातातला बटाटा घरंगळून टेबलाखाली गेला. "म्हणजे खरंच आहे?"

"सोल गं. बटाटे सोल."

"दिसायला कसा आहे?"

"तुझ्या फुलजांसपेक्षा बरा नाही."

"त्याच्यापेक्षा काय, कुणीही बरा!" युफ्राजी म्हणाली आणि बटाटा शोधायला टेबलाखाली गेली. फुलजांसला ती पुरुष या सदरात कधी मोजतच नसे. बेचाळीस वर्षांत तो तिला घरातल्या कपाटासारखा झाला होता. हलवायला जड, पण उपयोगाचा.

युफ्राजी गेल्यावर ओदेलीनं मूर्तीखालची किल्ली काढून खिशात टाकली. एवढं केलं की संपलं, ओळ खाली येईल, तेओतिम गप्प बसेल. ती दारापर्यंत गेली. मग तिला मातिल्द आजी आठवल्या. चौऱ्याऐंशीच्या बाई, मंगळवारी परात भाजून न्यायची आणि चार दारी वाटायची, म्हणजे चार दारं उघडतात. घरचा ओव्हन वादळात बिघडला तो बिघडलाच, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ओदेलीनं ओळखलं होतं. ओदेली परत वळली आणि किल्ली मूर्तीखाली ठेवली. सेंट ॲनकडे बघून म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस."

पण मग सभेत सांगायचं काय? नावं घेतली तर पाच बाया गावासमोर चोर ठरणार. घेतली नाहीत तर गुरुवार गेला.

सभा रविवारी दुपारी शाळेत भरली. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गाव गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. तेओतिमनं आकडे वाचले. हॉलच्या आकड्याला मागून कुणीतरी खाकरलं.

"याचा खुलासा हवा," तेओतिम म्हणाला. "नाहीतर वाटा निम्मा."

ओदेली उभी राहिली. उंची बेताची, त्यामुळे बसलेली आणि उभी यांत फारसा फरक पडला नाही.

"वीज मी जाळली."

"तिप्पट?"

"मला भूक लागते."

"दोघांना लागते!" मागून आवाज आला, आणि सगळी शाळा हसली. ओबेलीनचा तर चष्मा पडला. तेओतिमनं टेबलावर थाप मारली.

"ओदेली, हसण्यावारी नेऊ नकोस. तू एकटीनं जाळली असशील तर मला मत घ्यावं लागेल."

"घे."

"म्हणजे गुरुवार बंद."

ओदेलीनं मान हलवली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हात एप्रनच्या खिशात मूठ करून होते. एप्रन ती घरी काढायला विसरली होती. हसणं कमी कमी होत थांबलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मातिल्द आजी काठीवर भार देत उठल्या.

"मंगळवार माझा आहे," त्या म्हणाल्या.

"कसला मंगळवार, आजी?"

"ओव्हनचा. ही मला म्हणाली मंगळवारी ये. मी येते. ओव्हन घासून ठेवते. जाळायची नसेल तर म्हणायचं होतं, मी चुलीवर केली असती." आणि मग ओदेलीकडे वळून रागानं, "तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं गं? तुझा बाप असता तर कान धरला असता!"

मग खिडकीजवळून एक बाई, मान खाली घालून, "सोमवार माझा."

"अय्या, तू पण?" दुसरीकडून. "मला वाटलं मी एकटीच! बुधवार."

"म्हणूनच मला गुरुवारी सकाळी पुसलेला सापडला!" ओदेली न राहवून म्हणाली. "आणि शनिवार?"

"शनिवार मी," दारातून कुणीतरी बोललं. "पण कोपऱ्यातलं जुनं काळं मी काढलं हो, ते यांच्यातल्या कुणी नाही."

आता सगळं गाव बोटं मोजत होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, शनिवार. गुरुवार ओदेलीचा. शुक्रवारला कुणी धनी नव्हता. सगळे वाट बघत राहिले. युफ्राजी शाळेच्या छताकडे बघत होती. तिथं पोरांनी कागदाचे मासे टांगले होते, आणि ते तिनं इतक्या बारकाईनं आधी कधी पाहिले नव्हते.

"शुक्रवार राहू दे," ओदेली पटकन म्हणाली. "तेओतिम, ऐक. पाच दिवस पाच वेळा थंड ओव्हन तापवायचा, आणि आत काय तर एक परात. वीज भाजण्यात गेली नाही, तापवण्यात गेली. हॉलमध्ये दुसरा ओव्हन नुसता पडून आहे. दोन्ही शनिवारी एकदाच तापवू. बारा पराती एका वेळी बसतात. मी मोजून आले आहे."

तेओतिमनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "म्हणजे आठवड्यात दोनदा. गुरुवार आणि शनिवार."

"आणि बारावी परात मैदानावर बर्फ करणाऱ्यांना," मातिल्द आजी बसता बसता म्हणाल्या.

तेओतिमचा हात वहीवर थांबला. तो सहा फूट दोन इंच आहे, आणि त्याची बायको शहरातली, तिला राप्यूर येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला नियम आठवला असता.

"काकवी वेगळी द्यायची," तो म्हणाला. "वरून घातलेली मला चालत नाही."

मत घेतलं. हात इतके वर गेले की कागदाचे मासे हलायला लागले. हॉलचा वाटा होता तेवढाच राहिला आणि गुरुवार राहिला. वाचनालयाच्या बाईंनी उभं राहून आपला उरलेला वाटाही हॉलला देऊ केला, कारण तीनला वाचनालय बंद होतं, मग दिवे लागतातच कशाला. त्या बदल्यात त्यांनी एक परात मागितली नाही, पण नाकारलीही नाही.

"एक राहिलं," ओदेली म्हणाली. "शनिवारी पहाटे चारला येऊन ओव्हन तापवायला कुणी हवं. तीन तास तिथं बसायचं. थंडी असते, कंटाळा येतो. कोण येईल?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मागच्या भिंतीशी, कोटांच्या खुंट्यांखाली, एक हात वर झाला.

"मी येईन," फुलजांस म्हणाला.

"तू?" युफ्राजी वळली. "पहाटे चारला? तुला काय येतं?"

"बसायला येतं."

"लिहून घे, तेओतिम," ओदेली म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिनं मूठ सोडली.

पुढच्या गुरुवारी जेवायला सत्तावीस जण आले. चार नुसते बाप्या बघायला आले होते, तरी ओदेलीनं त्यांनाही वाढलं. त्यांतले तीन अजून येतात.

शनिवारी पहाटे निघताना युफ्राजीनं नवऱ्याची कानटोपी सारखी केली आणि बजावलं, "एकटा जातोयस, जपून हो. तो बाप्या अजून तिथंच असायचा. दिसला तर चेहरा नीट बघून ये."

"बघतो," फुलजांस म्हणाला.

हॉलमध्ये ओदेलीनं कुणालाही ठेवलं नव्हतं. शुक्रवारी पहाटे तिथं फुलजांस असे. युफ्राजी त्याला परात घेऊन पाठवी. राप्यूर होईपर्यंत तो आत एकटा बसून पत्ते खेळे, आणि परात गरम राहावी म्हणून गोधडीत गुंडाळून घरी नेई.